धडा

संमतिपत्राची सतरा पानं.
मी वाचते, ते ऐकतात.
भूपाल मगदूम, वय एकसष्ट,
सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीस वर्षं हळदीचे तोलार.
नखांच्या कडांना पिवळं अजून आहे,
किंवा ते काविळीचं असेल. बिलिरुबिन उद्या कळेल.

पान चार : हे औषध माणसांना पहिल्यांदाच दिले जात आहे.
पान सहा : आपणांस थेट लाभ होईलच असे नाही.
हे वाक्य मी नेहमी दोनदा वाचते.
पहिल्यांदा नातेवाईक माझ्या तोंडाकडे बघतात,
दुसऱ्यांदा खिडकीकडे.
पद्माक्कांनी मात्र पिशवीतला डबा चाचपला,
गाळलेली पेज, कोमट आहे का अजून.
गाठ जठराच्या तोंडाशी.
पेजेलाही तिथं रांगेत उभं राहावं लागतं.

"पायरी म्हंजे?"
म्हणजे आधीच्या तिघांना कमी दिलं.
त्यांना सोसलं, म्हणून तुम्हा तिघांना थोडं जास्त.
तुम्हाला सोसलं तर पुढच्यांना आणखी.
थांबायचं कुठं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "धडा."
मला वाटलं, शिकवण वगैरे.
"तसला न्हवं, बाई. रिकाम्या भांड्याचं वजन मोडायला
दुसऱ्या पारड्यात हाताला येईल त्यो दगड ठेवायचा,
खडा घालायचा, खडा काढायचा,
काटा मधी येईस्तवर. त्यो धडा.
माल मागनं."
आणि सही केली,
सतरा पानांवर सतरा वेळा,
दरवेळी तारीख मला विचारून.

अडचण निघाली भलतीच.
गोळी सकाळी आठ, रात्री आठ, खाण्यासोबत.
दिवस बुडाल्यावर ते काही घेत नाहीत. पाणीही नाही.
औषधाला चालतं हो, मी म्हटलं.
"चालत आसंल. मी चालवत न्हाई."
मी बेंगळुरूला मेल केला,
बेंगळुरूनं आणखी कुठंतरी.
चार दिवसांनी उत्तर : बारा तास, एक तास इकडे किंवा तिकडे.
मग मिरजेच्या त्या खोलीत आम्ही दोघं
भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्य शोधत बसलो.
डिसेंबरातला दिवस अकरा तास नि सात-आठ मिनिटांचा.
बसत होतं.
सात-आठ मिनिटं उरतही होती.

पहिल्याच दिवशी वॉर्डातल्या काट्यावर चढले नि उतरले.
"दोनशे गरॅमनं खोटा हाय."
सिस्टर हसल्या.
माणूस येऊन तपासून गेला : एकशे नव्वद.
सगळ्या पेशंटांची वजनं पुन्हा घेतली आम्ही.

डायरीत त्यांचं अक्षर, आडवं, तोलपावतीसारखं :
उजाडल्यावर घेतली. मळमळ थोडी.
बुडायच्या आत घेतली. पायाला मुंग्या.
घेतली. वजन ४९-३००.
घेतली. आज गुळाचा खडा जिभेवर धरला, गोड लागला.
(ह्यासाठी रकाना नाही. मी ते ‘इतर’ मध्ये भरलं.)

आठव्या आठवड्याचं सीटी.
यकृतात दोन नवीन, जुनी गाठ होती त्याहून मोठी.
अभ्यासातून बाहेर पडण्याचं कारण : चार चौकोन,
मी दुसऱ्यात खूण केली.
ते खुर्चीत पुढं सरकून बघत होते.
"पर सोसलं न्हवं मला?"
सोसलं.
"मग वाढवा की फुडच्यास्नी."
पद्माक्का डबा धुवायला उठल्या.
डबा स्वच्छ होता.

मार्चात पुढची पायरी उघडली.
पहिली आली जतची बाई, शकिला मुलाणी, अन्ननलिका.
पान चारपाशी तिनं मला थांबवलं :
माझ्या आधी कोण होतं?
नाव सांगता येत नाही.
तिघं होते, मी म्हटलं,
आणि तिला वजनाला उभी केली.
बिनघोर चढा, म्हटलं,
काटा बरोबर आहे.